उंच गॅरेजचं घर

बेन्सन, अ‍ॅरिझोना
९ ऑक्टोबर २००६

चि. लव्हॉनला ताईचे अ. आ.

मी धडधाकट आहे. तूही तशीच आहेस असं धरून लिहायला बसले. फोनच करणार होते, पण तुझ्या कानांपुढे मी हात टेकले. मागच्या वेळी दहा मिनिटं ओरडले आणि शेजारीण काय झालं म्हणून धावत आली.

बातमी अशी, की घर विकायला काढलं. एल्डनला जाऊन आठ महिने झाले. मारिसेला म्हणून एक दलालबाई आहे, तिने फाटकाशी पाटी रोवली. घर पाहून ती म्हणाली की मावशी, तुमच्या घराला गॅरेज नाही, तुमच्या गॅरेजला घर आहे. खोटं काय त्यात? माणसांसाठी दोन खोल्या आणि चाकांवरच्या घरासाठी, त्या मोटरहोमसाठी, चौदा फूट उंच दाराचा महाल. एल्डनने स्वतःच्या हातांनी बांधला. टाकीतला मैला सोडायला अंगणात झाकणाचा पाइप, आत-बाहेर नळ, आणि घराच्या कडेला पाहुण्यांच्या ट्रेलरसाठी सिमेंटचा ओटा. त्या ओट्याशी खांबावर दोन प्लग आहेत, तुला आठवत असतील. पन्नास अँपिअरचा आमच्या मोटरहोमला आणि तीसचा तुमच्या ट्रेलरला. मारिसेलाने जाहिरातीत सगळं छापलंय. माझ्या स्वयंपाकघराबद्दल एक ओळ नाही.

लोक येतात. पुरुष टेप काढून दार मोजतात, बायका आत उभं राहून टाळी वाजवतात, घुमते का बघायला. मारिसेलाने सांगितलं होतं की घरात पावाचा वास असला की गिऱ्हाईक विरघळतं. मी तीन शनिवार पाव भाजले. स्वयंपाकघरात कुणी पाऊलही टाकलं नाही, तिन्ही पाव मीच खाल्ले. मोटरहोम अजून आत उभं आहे. मला ते चालवता येत नाही, आणि विकू म्हटलं तर जीव होत नाही.

संध्याकाळी पायरीवर बसते. थंडी चुकवणारी मंडळी उत्तरेकडून यायला लागली आहेत. आपल्या रस्त्याने मोटरहोम जातात, आतली माणसं हात करतात. मी नुसती बघते. हल्ली मी हात करत नाही.

टक्सनला म्हाताऱ्यांच्या निवासात नाव घातलं आहे. एक खोली, एक खिडकी. पक्कं अजून काही केलेलं नाही. तुझं काय ते सविस्तर कळव.

पत्राची वाट बघणारी,
आर्डिस

*

डेकोरा, आयोवा
२० ऑक्टोबर २००६

ती. ताईस लव्हॉनचा सा. न.

पत्र पोचलं. घर काढलंस हे बरं केलंस. एल्डनभावजींच्या त्या गॅरेजला मी पहिल्या दिवशीच चर्च म्हटलं होतं, तेव्हा तू माझ्यावर फुगली होतीस. आता दलालबाई म्हणाली तर कौतुक.

इकडे मका निघाला. जमीन शेजाऱ्याला कसायला दिली आहे, त्यामुळे मी खिडकीतून दुसऱ्याचं यंत्र बघते आणि त्याच्या चुका काढते. पुढच्या आठवड्यात चर्चच्या तळघरात माशांचं जेवण आहे. बटाट्याच्या पोळ्या लाटायचं काम यंदाही माझ्यावर. ऑर्विल होता तेव्हा तव्यावरची पहिली पोळी उभ्या उभ्या खायचा. आता पहिली पोळी कुणाला द्यायची हे कळत नाही, मग मी ती ताटात तशीच ठेवते.

टक्सनचं ठीक वाटतं. तुला थंडी सोसत नाही, हे तू सत्याहत्तर सालीच आईच्या दारात उभं राहून सगळ्यांना सांगून गेली होतीस. पुन्हा म्हणून बर्फ बघणार नाही, असंही म्हणाली होतीस. माझी स्मरणशक्ती कानांसारखी गेलेली नाही.

मोटरहोमचं काय करणार? गाडी उभी राहिली की टायर बसतात, एवढं मात्र ध्यानात ठेव.

तब्येत सांभाळ. माया आहेच.
लव्हॉन

*

बेन्सन
१४ नोव्हेंबर २००६

चि. लव्हॉनला अ. आ.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

एक गिऱ्हाईक आलं. टामरा नाव, साठीच्या आतली, एकटी. तीस वर्षं मालाचे ट्रक चालवले, आता स्वतःच्या मोटरहोममध्येच राहते आणि म्हणते की चाकांना आता छप्पर हवं. तिने येऊन आधी पाणी मागितलं आणि स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली. पावाचे दोन तुकडे खाल्ले, मग गॅरेज बघायला उठली. मला ती तिथेच आवडली.

घराला फेरी घालताना ती ओट्यापाशी थांबली. वर छपराच्या कडेला ठिगळ आहे, तिकडे बोट करून विचारलं की हे काय. मी म्हटलं, वादळात झालं. पण ट्रकवालीला वाऱ्याची मोडतोड आणि धडकेची मोडतोड यातला फरक कळतो.

दुसऱ्या दिवशी मारिसेलाने फॉर्म आणला. इथे घर विकणाऱ्याने घराला आजवर काय काय झालं ते सगळं लिहून सही करायची असते. छपराला इजा झाली आहे का, कधी, कशाने. मी ‘वादळ’ लिहिलं आणि सही करायला पेन टेकवलं, पण सही न करताच खाली ठेवलं. मारिसेलाला म्हटलं, उद्या ये. ती बिचारी तीनदा आली.

लव्हॉन, ते वादळ नव्हतं आणि एल्डनची चूकही नव्हती. सात वर्षांपूर्वी ऑर्विल ट्रकने तुमचा नवा ट्रेलर त्या ओट्यावर मागे घेत होता, तेव्हा एल्डन त्याच्या बाजूला उभा होता, आरशात दिसेल असा. मी पलीकडे छपराच्या कडेशी होते. ऑर्विलला ती बाजू दिसत नव्हती, म्हणून तर मला उभं केलं होतं. कड जवळ आली की मी ओरडायचं आणि एल्डनने हात वर करून गाडी थांबवायची, एवढंच माझं काम. तेवढ्यात रस्त्याने एक रुपेरी मोटरहोम गेलं. आतल्या म्हातारा-म्हातारीने हात केला. मी वळले आणि हात केला. इतक्या वर्षांची सवय, रस्त्यावरच्या माणसाने हात केला की आपण करायचाच. वळून बघते तो तुमच्या ट्रेलरचं छप्पर कोपऱ्यापासून फाटलेलं.

एल्डन लगेच पुढे झाला आणि माझा अंदाज चुकला म्हणाला. मग ऑर्विल नाही नाही ते बोलला, की शाळेची बस कशी चालवलीस आणि पोरं जिवंत कशी घरी पोचली. एल्डन घरात गेला. तुम्ही सकाळी न खाता निघून गेलात. मी एल्डनला म्हटलं, मी खरं सांगते. तो म्हणाला, तुला बहीण एकच आहे, मला साडू आणखी मिळतील. कुठला मिळतोय? पुढे प्रत्येक थंडीत तो ओटा झाडायचा. ऑर्विल गेला तेव्हा मी एकटी आले आणि तुला सांगितलं की एल्डनची पाठ धरली आहे. पाठबीठ काही धरली नव्हती. तो दिवसभर गॅरेजमध्ये मोटरहोमच्या चालकाच्या जागेवर बसून होता, असं शेजारीण म्हणाली.

मी दोघांनाही सांगू शकले असते. भीती वाटली की तूही तुटशील. शेवटी तू तुटलीसच, आणि मी खोटी ती खोटीच राहिले.

काल फॉर्मवर ‘वादळ’ खोडून खरं लिहिलं. टामराला नको असेल घर तर नको.

तुला लिहावंसं वाटलं तर लिही.
आर्डिस

*

बेन्सन
१२ डिसेंबर २००६

चि. लव्हॉनला अ. आ.

तुझं पत्र नाही. येणार नाही असं मनाशी धरते आहे, तरी टपालाची गाडी वळली की उठतेच.

घर टामराने घेतलं. फॉर्म वाचला, ठिगळाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली की तीस वर्षांत मी याहून मोठ्या गोष्टी पाडल्या आहेत. मोटरहोम तिने स्वतः गॅरेजबाहेर काढून ओट्यावर लावून दिलं. टक्सनची खोली एप्रिलमध्ये रिकामी होईल, तोवर मी त्यात राहते. म्हणजे मी सध्या तुझ्या जागेवर आहे. खिडकीतून माझंच स्वयंपाकघर दिसतं. त्यात दुसरी बाई दिवा लावते.

नाताळ आनंदात जावो.
आर्डिस

*

डेकोरा
१८ डिसेंबर २००६

ती. ताईस लव्हॉनचा सा. न.

उशीर झाला, कारण चार पत्रं लिहिली आणि चारही चुलीत घातली. एकात तुला शिव्या होत्या, तीनांत मला.

मी त्या दिवशी ट्रकमध्ये ऑर्विलच्या शेजारी बसले होते. माझ्या बाजूच्या आरशात तू सबंध दिसत होतीस. तुझ्यावर नजर ठेवायची आणि तू दिसेनाशी झालीस तर ऑर्विलला थांबवायचं, हे माझं काम. एल्डनभावजींचाच नियम ना तो, की आरशात माणूस दिसलं नाही तर गाडी थांबवा. तू वळलीस हे मी बघितलं नाही. का, तर मीसुद्धा त्या रुपेरी मोटरहोमला हात करत होते. आदळल्यावर आरशात पाहिलं, तेव्हा तुझा हात अजून वरच होता. म्हणजे तुझं मला तेव्हापासून ठाऊक आहे. माझं मात्र मी कुणाला कळू दिलं नाही. भावजी पुढे आले, दोष घेऊन मोकळे झाले, आणि मी गप्प बसले. ऑर्विल वाटभर त्यांना बोलत राहिला आणि मी मान हलवत राहिले. तुला सात वर्षं मी टाळलं ते रागाने नव्हे. तुझ्या तोंडाकडे बघवलं नसतं.

आता दुसरं. पुढच्याच उन्हाळ्यात ऑर्विलने कोठारापासून आक्रोडाच्या झाडापर्यंत चर खणला, वायर टाकली, पाण्याचा नळ ओढला आणि एक खांब उभा केला. मी विचारलं तर म्हणाला, वेल्डिंगला लागतो. मी बाई असले तरी त्यावरचा आकडा वाचता येतो मला. पन्नासचा प्लग. आमच्या ट्रेलरला तीसचा पुरायचा, आणि त्याच्या वेल्डिंगच्या यंत्रालाही तो प्लग बसत नव्हता. पन्नासचा आपल्या सबंध नात्यात एकाच गाडीला लागतो. मी म्हटलं, मग फोन कर त्यांना. तो म्हणाला, आधी त्याचा येऊ दे. तुझे यजमान तिकडे ओटा झाडत होते आणि माझे इकडे खांबाला रंग देत होते. दोघांच्या घरात फोन होते.

खांब तसाच आहे. वापरलेला नाही.

टक्सनला जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण तू पहिल्या पत्रात ‘पक्कं काही केलेलं नाही’ असं लिहिलंस, ते मला कळलं होतं, आणि मी मुद्दाम बर्फाचं काढून तुला टोचलं. तू ‘येऊ का’ म्हणून विचारावंस अशी माझी इच्छा होती. तू विचारत नाहीस, तर मीच सांगते. ये. मला इथे फार एकटं वाटतं, ताई. रविवार तर सरता सरत नाही. पहिली पोळी ताटात वाळून जाते.

लव्हॉन

*

बेन्सन
२ एप्रिल २००७

चि. लव्हॉनला पुष्कळ आ.

येते म्हणून तुला कळवलंच आहे, आता टक्सनच्या खोलीलाही नकार कळवला. तिथल्या बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, मला पन्नासचा प्लग लागतो.

टामरा तीन महिने मला मोटरहोम शिकवते आहे. आजवर खाल्ल्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या पंचाहत्तराव्या वर्षी खाऊन झाल्या. म्हणते की बाई, तुम्ही हॉर्न असा वाजवता की माफी मागताय. पुढे जायला मी आठवड्यात शिकले, मागे यायला बाकीचे सगळे दिवस लागले. ती मागे उभी राहते आणि मी दोन आरशांत तिला शोधते. पहिल्या दिवशी ती दिसेनाशी झाली, तर मी गाडी बंद करून रडत बसले. ती आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली की थांबलात ना, मग बरोबर केलंत.

सोमवारी निघते. रोज थोडंथोडं, उन्हातच चालवायचं. एल्डनची टोपी चालकाच्या खिडकीशी टांगली आहे. कॅन्ससमधल्या लिबरल गावी रविवारी पोचेन आणि सोमवारी पोस्ट उघडलं की बघेन, तिथे माझ्या नावाने चार ओळी ठेव. कुणी वाट बघतंय म्हटलं की पुढचा रस्ता कमी वाटेल.

निघताना मागे वळून बघणार नाही म्हणते. आरशात दिसेल तेवढं दिसेल.

तुझी,
ताई

*

आर्डिस हॉल्वर्सन यांस,
लिबरल, कॅन्सस, पोस्टात ठेवणे

डेकोरा
१० एप्रिल २००७

ती. ताईस सा. न.

बर्फ गेलं. अंगणात थोडा चिखल आहे, त्यावर मी खडी टाकून घेतली. फाटकातून शिरलीस की डावीकडे कोठार, आक्रोडाच्या फांद्या मी छाटून घेतल्या आहेत, चौदा फूट मोजून. काठीला टेप बांधून स्वतः मोजल्या. शेजारी हसत होता, हसू दे.

तू गाडी फिरवून मागे घ्यायची आहेस. मी खांबापाशी उभी राहीन, ऑर्विलचा लाल कोट घालून, म्हणजे दिसेन. मला हॉर्न ऐकू येत नाही, तेव्हा वाजवू नकोस, नुसती आरशात बघ. मी दिसले नाही तर थांब. मी कुठे जाणार नाही, पण तरी थांब.

आणि रस्त्याने कुणीही गेलं, किती का हात करेना, आपण दोघींनी बघायचं नाही. आधी तुला नीट आत घेते. मग खांबाला तुझी वायर लावू, खुर्च्या बाहेर काढू, आणि अंधार पडेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना हात करू.

पहिली पोळी तुझी.
लव्हॉन