पावणं घर बघायला आले आन नेट बघून गेले

साळू, सगळ्यात आधी आली ती शेजारची सायराबानू. पावण्यांची गाडी अजून पेठेतनं सुटली बी नसंल, तर ही आपल्या निळ्या फुलांच्या कपबश्या घेऊन दारात हजर, आन दुसऱ्या हातात मोबाईल. तिच्या मागं समोरची उज्ज्वला (एका हातात रव्याच्या लाडवाचा डबा, दुसऱ्यात मोबाईल), मग तिची जाऊ, मग जावेच्या माहेरची माणसं. तवा मला काय ठाऊक की घोटाळा तिथंच सुरू झालाय. पण थांब, तुला आशीर्वाद द्यायचा ऱ्हायलाच. गुडघं कसं हायेत? तेल लावतीस का नुसती बाटलीकडं बघत बसतीस? आमी समदी बरी हावोत. फोन न करता कागद काळा करतीय, कारण फोनवर बोललं की सून अंजना भाजी निवडता निवडता ऐकती, आन यातलं थोडं तिनं ऐकायचं न्हाई. चौथीपतूर शिकलेलीचं अक्षर हाय, सांभाळून घे.

आपला नातू आदेश तुला ठाऊक. द्राक्षं, टोमॅटो, शेततळं, समदं नीट. तरी शेती करतो म्हणलं की मुलीवाले चहा पिऊन 'कळवतो' म्हणायचे आन कळवायचं इसरायचे. आता पेठ गावचं स्थळ आलंय. मुलगी स्नेहल, पुण्याच्या कंपनीत कामाला, पण काम घरी बसून. शेतकरी चालंल, वारूळवाडी चालंल, नोकरी सोडायची न्हाई, एवढं तिनं आधीच सांगितलेलं. तर रविवारी ती माणसं घर बघायला आली. आपल्या येळेला घर बघायचं म्हंजी विहीर बघायची, गोठा बघायचा, आन सासूची जीभ किती लांब ते शेजारी इचारायचं.

मुलीच्या वडलांनी आपल्या भगवंताला इचारलं, पाण्याचं कसं हाय? झालं, माझा लेक कालव्यापासनं सुरू झाला. तेवढ्यात पोरगी म्हणली, "काका, पाणी नंतर बघू. नेट कुठल्या खोलीत चांगलं येतं?" भगवंताचं तोंड उघडं ते उघडंच. तिनं लॅपटॉप काढून सैपाकघराच्या ओट्यावर ठेवला. त्यात नेटचा वेग दाखवायला गाडीसारखा काटा व्हता. काटा उगा हलल्यासारखा केला आन बसला. मी आदेशच्या तोंडाकडं बघितलं. टोमॅटोचा बाजार पडल्यावर बी ते पोरगं असं दिसत न्हाई.

"आजी, राऊटर कुठंय?" मी मोठ्या कौतुकानं दाखवला. अगं, दोन शिंगांचा तो काळा डबा भिंतीवर बरा दिसत न्हाई, म्हणून मी आदल्या दिवशी मांडणीत ठेवला व्हता. पितळी हंड्याच्या मागं, वर क्रोशाचा रुमाल, आन दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा ठिपका (काळ्या डब्याला काळा ठिपका दिसत न्हाई, पण लावायचा). पोरगी हसली न्हाई, हे तिचं मोठेपण. म्हणली, "हंड्याच्या मागनं तो बाहेर येणार कुठनं, आजी?" मग घराच्या मधोमध जागा शोधली. मधोमध तुझे दाजी हायेत, हार घातलेले. ते थोडे सरकले. (जिते व्हते तवा कुणासाठी सरकले न्हाईत.)

तरी काटा अर्ध्यावरच. मग तिनं आदेशच्या मोबाईलमधनं डब्याचं पोट उघडून बघितलं. "आजी, घरात माणसं चार. मग एवढे फोन कुणाचे?" मी दाराकडं बघितलं. अंगणात, पायरीवर, तुळशीपाशी सगळी आळी पावणं बघायला बसलेली, आन आपल्या अंगणात पाय ठेवला की ज्याचा त्याचा फोन आपोआप जोडतो. पासवर्ड मीच दिलेला. दारात कुणी पाणी मागितलं तर न्हाई म्हणतो का आपण? सायराबानूच्या शिफाची परीक्षा व्हती तवा पहिला दिला, मग दुसरीला न्हाई कसं म्हणायचं. सायराबानूचा नवरा शौकत तर आपल्याच नेटवर मॅच बघतो आन कुणी आऊट झालं की वरडून आपल्यालाच सांगतो.

मग पोरीनं पदर खोचल्यासारखं कामच काढलं. पासवर्ड बदलला. नेटचे दोन भाग केले, एक लांब जाणारा पण हळू, दुसरा घरातल्या घरात पण पळणारा (आपल्या दोन मामांसारखं). शेजारचे डबे ज्या पट्टीवर गर्दी करतात ती सोडून याला दुसरी पट्टी दिली. शेवटी म्हणली, याचं फर्मवेअर लई जुनं हाय. म्हंजी डब्याच्या डोक्यातलं जुनं शहाणपण काढून नवं घालायचं. (अंजना माझ्याकडं बघून हसली, मला दिसलं.) ते चालू असताना बटण बंद झालं तर डबा कामातनं जातो, आन आमच्या लाईटीचा काय भरवसा. दिवा लाल झाला, इझला, परत लुकलुकला. मला बसवंना, उभं ऱ्हाववंना, नुसती उंबऱ्यातनं आत-बाहेर. ती दोघं मात्र सतरंजीवर बसून त्या एका दिव्याकडं टक लावून. पोहे गार झाले. दाजी मला बघायला आले तवा मी पायाच्या अंगठ्यापलीकडं बघितलं नव्हतं, आन ही दोघं एकाच दिशेला बघत व्हती. मला तर तिथंच अक्षता पडल्यासारखं वाटलं. दिवा हिरवा झाला, काटा पार पलीकडं गेला, आन भगवंत म्हणला, "आता विहिरीचं सांगू का?"

पण पोरगी हुशार. जाताना म्हणली, "आजी, रविवारचं मी खरं धरत न्हाई. कामाच्या दिवशी येते, दिवसभर इथं बसून काम करते. मीटिंगमधी एकदाबी अडकले न्हाई, तर माझा होकार." तिचा होकार तोच आमचा, म्हणले तिचे वडील. तवापासनं मला आनंदानं घास जात न्हाई आन धाकधुकीनं बी जात न्हाई.

तुझी आक्का

ता. क. पासवर्ड बदलल्यापासनं आळी रुसलीय. उज्ज्वलानं डबा परत नेला, लाडवांसकट. सायराबानू कपबश्या न्यायला आली आन नुसती उभी ऱ्हायली. मला बघवलं न्हाई. तिला एकटीला नवा पासवर्ड सांगितला.

आणखी ता. क. तिनं कुणाला सांगितला न्हाई. बाकीच्यांना मीच सांगितला. आता तू एक कर. तुझ्याकडं कळंबला मासवड्यांचं जेवण घाल आन आमची अख्खी आळी बोलव. शौकतच्या टेम्पोत बसवून मी पाठवते. (हे पत्र बी त्याच्याच हाती देतीय, म्हणून पाकीट डिंकानं चिकटवलंय.) निमित्त काय ते तू बघ. सकाळी लवकर बोलव, आन दिवस मावळंपतूर एकालाबी सोडू नको. पावणं गुरुवारी येतो म्हणलेत.