पनीरवर आयोडीनचा थेंब

९ डिसेंबर, सोमवार

परत तोच हशा! मी सातवीला शिकवतेय आणि भिंतीपलीकडे आठवीची पोरं खिदळतायत. निशिगंधाबाईंचा तास. जूनमध्ये आल्या शाळेत, आणि थाट असा की शाळाच यांनी काढली. भातावर आयोडीनचा थेंब टाकला म्हणे, भात काळानिळा. "ही कर्बोदकं, म्हणजे शरीराचं सरपण." पोरं आपापले डबे घेऊन रांगेत उभी! मी इतकी वर्षं हेच फळ्यावर लिहून दिलं, एकानं कधी डबा उघडला नाही.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक म्हणाले, "मालतीबाई, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला यंदा त्यांना पाठवू या का?" दरवर्षी मी जाते. डबा तसाच बंद केला.

१० डिसेंबर

जळतेय मी. इथे लिहायला कसली लाज.

१२ डिसेंबर, गुरुवार

त्यांनी फळ्यावर दोन रकाने केलेत. भात, बटाटा, भाकरी इकडे कर्बोदकांत. डाळ, अंडं, मासे तिकडे प्रथिनांत. बघितलं आणि मनात म्हटलं, सापडल्या! डाळीत प्रथिनं असतात, पण आयोडीननं काळं पडणारं पिष्टही असतंच की. मुख्याध्यापकांना मुद्दाम वर्गात घेऊन गेले. "बाई, जरा डाळीवर टाकून दाखवा ना."

टाकला. डाळ काळी. साजगावचा गजा म्हणतो, "बाई, डाळ बी भातच हाय!"

मला वाटलं, आता ततपप होणार. कसलं काय! हसून म्हणाल्या, "माझं चुकलं रे. डाळीत दोन्ही असतं — ताकद देणारं आणि अंग भरणारं. चला, मधे तिसरा रकाना करू." मुख्याध्यापक खूश. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मग मला राहवेना. "पिष्टाचा कण नाही असं काही दाखवायचं तर पनीर दाखवा. उद्या आमच्याच डेअरीतलं आणते," म्हटलं. आमच्या ह्यांच्या डेअरीचं नाव खोपोलीभर आहे. बघू दे सगळ्यांना.

१३ डिसेंबर, शुक्रवार



सकाळी आमचे हे दूध आणायला गेले होते. मी काउंटरवरच्या ट्रेमधून पाव किलो उचललं आणि शाळेत गेले. वर्गात थेंबही मीच टाकला, त्यांना टाकू दिला नाही. काळंनिळं! दुसरा तुकडा घेतला. तोही तसाच.

"बाई, पनीरमदी भात घातलाय काय?" गजानं विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. खरंच विचारत होता बिचारा.

"अरे, कालचा डाळीचा चमचा लागला असेल," म्हणत निशिगंधाबाईंनी ताट उचललं. चमचा मी स्वतः घासून आणला होता, त्यांनी बघितलंही होतं. मला वाचवलं त्यांनी. आणि त्याचाही मला रागच आला.

नंतर व्हरांड्यात हळूच म्हणाल्या, "मालतीताई, आमचा स्वराज अंडं तोंडात घेत नाही. म्हणून रोज तुमच्याकडचंच पनीर देते हो त्याला." तीन वर्षांचा आहे तो.

१४ डिसेंबर, शनिवार

यांना विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "काउंटरवरचं कशाला नेलंस? आपल्या घरचं मी वेगळं काढतो."