हिराबाई ‘नाही’ म्हणाल्या नाहीत

३ मार्च २०१४
आमच्या सहनिवासाचे सचिव कुळकर्णी यांनी कालच्या सभेचे इतिवृत्त लिहिले आहे : ‘हिराबाईंनी राखीव घर घेण्यास नाही म्हणाल्या.’ ‘हिराबाईंनी’ असेल, तर ‘म्हटले’ हवे. परंतु वाक्य मुळातच खोटे आहे. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. बाई गव्हाणच्या कोळी. नवरा गेल्यापासून पनवेलला खोली घेऊन बाजारात मासळी विकतात. कुळकर्ण्यांनी विचारले, “इथं सगळ्यांचं स्वयंपाकघर एकच, आणि शाकाहारी. तरी येणार?” त्या म्हणाल्या, “नाय कशाला म्हनू?” रूप प्रश्नाचे, अर्थ होकाराचा.

५ मार्च
कुळकर्ण्यांकडे गेलो. त्यांना ‘नाय’ स्पष्ट ऐकू आले म्हणे. पुढचे दोन शब्द? “अप्पा, काना-मात्रा तुम्ही बघा. घरांचं आम्ही बघतो.”
त्या राखीव घरात आता सभासदांच्या परदेशातून येणाऱ्या मुलांची सोय करायची आहे. एक घर अल्प उत्पन्नवाल्यास देऊ, या अटीवर आमच्या सहनिवासाला परवानगी मिळाली, तेव्हा पेढे वाटणारे हेच.

९ मार्च
हिराबाईंना बाजारात जाऊन भेटलो. त्यांना निरोपसुद्धा गेलेला नाही. “मना वाटलं, तुमालाच मी नको.” मालकाने महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली आहे. इतिवृत्तातले वाक्य सांगितले. हसल्या. “मंग लिवा ना, हाय म्हनून. तुमाला लिवता येतं.”

१६ मार्च
सभेत दुरुस्ती मांडली. अनुमोदन कोणीच दिले नाही. जोशी, जन्माचा मित्र, पंख्याकडे पाहत राहिला. बापटबाईंनी शांतपणे विचारले, “वास येईल, हे तरी खरं ना, अप्पा?”
येईल. तसे म्हणालोही. ‘तरी घर त्यांचेच’, हे त्यापुढचे वाक्य मात्र म्हणायचे राहिले.

३० मार्च
कुळकर्ण्यांनी स्मरणिकेसाठी सगळी हकीकत लिहून काढली आहे. भाषा सोज्ज्वळ, ‘योग्य अर्जदार न मिळाल्याने’ असा शब्दप्रयोग. तारखाही चुकीच्या. दुरुस्त करून ठेवतो :

हिराबाईंचा अर्ज : २० फेब्रुवारी. ‘मार्चमध्ये, मुदतीनंतर’ नव्हे.
होकार : २ मार्च.
नकार : कोणत्याही तारखेस नाही.
माझी दुरुस्ती : १६ मार्च. ‘चर्चा झाली’ नव्हे, फेटाळली गेली.
परवानगी देणाऱ्या कार्यालयास माझे पत्र : काल, २९ मार्च. हे कुळकर्ण्यांना अजून ठाऊक नाही.
खोली सोडण्याची मुदत : उद्या.
घराचा ताबा :