धुरात ताओवाला सोडायला लावणारी लोसालिन

प्रति,
मा. प्रवासी सेवा अधीक्षक,
मातांगी हवाई सेवा,
नुकुआलोफा.

अर्जदार : मेलेसीनी लोलोहेआ, गायक मंडळी, वावाऊ बेट. सध्या मुक्काम नुकुआलोफा.

विषय : निलंबित हवाई सेविका लोसालिन व्हाकाऊता यांना कामावर परत घेऊन आमच्याच परतीच्या विमानावर पाठविण्याबाबत.

संदर्भ : माझे धाकटे बंधू, उपदेशक पाउलियासी यांची तक्रार व त्यावरील आपला आदेश.

महोदय,

परमेश्वराच्या कृपेने आपण सुखरूप असाल. आम्हीही आहोत, आणि ज्या मुलीमुळे आहोत तिला आपण घरी बसविले आहे, म्हणून हा अर्ज.

१. चर्चच्या वार्षिक सभेत गाण्यासाठी आमची मंडळी वावाऊहून इकडे आपल्या विमानाने निघाली. विमान जवळजवळ सगळे आमचेच होते. सभेला जायचे म्हणून प्रत्येकाने घरातली सर्वांत मोठी ताओवाला, मानाची विणलेली चटई, कमरेला बांधली होती. बंधूंनी तर आजोबांची, छातीपर्यंत येणारी. तसल्या चटईत माणूस उभा राहतो, ताठ बसतो, पण वाकू शकत नाही, हे आपण जाणताच. विमान वर स्थिरावल्यावर बंधूंनी प्रवचन धरले. ते आधी बोलतात, बोलता बोलता सूर लागतो, आणि मग मंडळी मागून उचलते. महोदय, गायलेल्या प्रवचनासाठी मी भरला ताप अंगावर घेऊन बसलेली बाई आहे. अर्ध्यावरून कधी उठले नाही.

२. येशूने वादळ शांत केले त्या प्रसंगावर बंधू आले आणि वास सुटला. मागून आमची तोआकासे ओरडली, "कुणाचं डुक्कर करपतंय गं वर?" सगळे हसलो, कारण वर भाजलेल्या डुकरांच्या टोपल्या होत्याच. पण डुकराला जळक्या रबराचा वास येत नाही. पाहतो तो छताच्या फटीतून निळसर धूर उतरतो आहे. लोसालिन तोवर जागेवरून उठलीही होती. हाताची पालथी बाजू लावत तिने छत चाचपले, तापलेली फळी शोधली, तिच्याखालच्या लोकांना पुढच्या रिकाम्या जागांवर बसविले, कप्तानाला फोनवरून कळविले आणि विझविण्याचे लाल नळकांडे फटीत रिकामे केले. मग ओले रुमाल वाटत म्हणाली, "नाकावर धरा, आणि डोकं गुडघ्याला. खाली हवा चांगली आहे."

एकही डोके गुडघ्याला लागले नाही. आम्ही सगळे खुंटासारखे ताठ, आणि धूर बरोबर आमच्या तोंडाशी.

ती म्हणाली, "ताओवाला सोडा सगळ्यांनी! आजोबा, आधी तुम्ही."

बंधू म्हणाले, "पोरी, सभेला निघालोय मी. ही आता मेल्यावरच माझी मुलं सोडतील."

"ती वेळ आज आणायची नाही, म्हणूनच सांगतेय."

असे म्हणून तिने स्वतःच्या कमरेची कीएकीए, बायकांचा तो गोंड्यांचा मानाचा पट्टा, सोडून खुर्चीवर टाकली. पण कुणी हलेना. तेव्हा मी माझी सोडली. बहिणीने भावादेखत असे करावे म्हणजे आमच्यात केवढी गोष्ट, हे आपणास मी काय सांगावे! बंधूंनी डोळे गच्च मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी आजोबांच्या ताओवालाच्या गाठी सोडल्या. मग मात्र धडाधड चटया खाली पडल्या.

वाकल्यावाकल्या बंधूंनी पुन्हा सूर लावला. ती धावत आली. "गाणं बंद, आजोबा! एका ओळीला केवढा धूर ओढताय!"

"देवाचं नाव घ्यायला तुझी परवानगी लागते का गं?"

"मनात घ्या. त्याला ऐकू येतं."

बंधूंनी ओला रुमाल तोंडावर दाबला. कप्तानाने विमान वाटेतल्या हाआपाईच्या धावपट्टीवर उतरविले. खोकत, डोळे पुसत, पण सगळेच्या सगळे चालत बाहेर आलो.

३. भीती ओसरल्यावर बंधूंना मान आठवला. ताओवाला सोडविली आणि प्रवचन तोडले, अशी दुहेरी तक्रार त्यांनी रागाच्या भरात आपल्याकडे दिली, आणि आपण लोसालिनला घरी बसविले.

४. ते कळताच मी बंधूंना एवढेच विचारले, "मीही सोडली होती. माझीही तक्रार केलीस का?" थोरल्या बहिणीचा शब्द भाऊ आमच्यात मोडत नाही. दुसऱ्या दिवशी ते इफीच्या पानांची माळ गळ्यात घालून लोसालिनच्या अंगणात क्षमा मागायला जाऊन बसले. नेमकी लोसालिनही तशीच माळ घालून दारातून निघत होती, आमच्याकडे क्षमा मागायला यायला. बंधूंना पाहताच तीही मातीत बसली. महोदय, क्षमा करणाऱ्याने उठून समोरच्याची माळ काढायची असते, आणि इथे दोघेही माना खाली घालून बसलेले! ऊन चढले तरी कुणी उठेना. तोआकासे म्हणाली, "आता कोंबड्याने माळा काढायच्या का?" शेवटी मी दोघांच्याही माळा काढल्या. मग बंधू रडले, ती हसली, आणि आम्ही तिच्याच घरी रताळी खाल्ली.

५. तक्रार मागे घेतली तरी आपल्या कार्यालयातून "चौकशी चालू आहे" एवढेच उत्तर येते. इकडे सभा आटोपली, पण लोसालिनशिवाय विमानात चढायचे नाही असे मंडळीने ठरविले आहे. यजमान पाहुण्यांना जा म्हणणार नाहीत आणि डुकरावाचून जेवू घालणार नाहीत. त्यांची लहान डुकरे संपली. काल यजमानीणबाई वळूडुकराकडे बराच वेळ पाहत उभ्या होत्या. तो चर्चच्या घंटेला हुंकार देणारा प्राणी आहे. त्याचा जीवही आता आपल्या सहीवर आहे.

६. शेवटची गोष्ट माझी स्वतःची. ते प्रवचन वादळातच थांबले आहे. येशू नावेत उठून उभा राहिला, एवढेच झाले. पुढचे कुणी ऐकले नाही. बंधू म्हणतात, जिथे तुटले तिथेच, त्याच समुद्रावर आणि त्याच मुलीसमोर पुरे करीन, नाहीतर नाही. त्यांनी लहान, मऊ ताओवाला मागून आणली आहे. बसूनच गातील, आणि तिने हात वर केला की ओळ तोंडात असली तरी थांबतील, असा शब्द त्यांनी मला दिला आहे.

तरी लोसालिनला कामावर घ्यावे, ही हात जोडून विनंती. वादळ शमलेले ऐकून घरी जाण्याची माझी फार इच्छा आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
मेलेसीनी लोलोहेआ

नुकुआलोफा, दि. १९ जून

सोबत :
१. बंधूंचे तक्रार मागे घेतल्याचे पत्र.
२. इफीच्या दोन माळा, सुकलेल्या.