बाहीतून धरलेला हात

प्रिय बाबा,

गुडघ्याला तेल चोळताय ना, की सगळं तेल दुकानातल्या शिलाई मशिनांनाच? उत्तर मला माहीत आहे म्हणा! पत्र बघून घाबरू नका, आम्ही सगळे धडधाकट आहोत. फोनवर मला हे बोलता येत नाही म्हणून लिहितेय. तुम्ही मला टकळी म्हणता, आणि मी बोलता येत नाही म्हणतेय. हसाल तुम्ही.

इथे परदेशात रक्ताचे नमुने घ्यायच्या नोकरीला नवीनच लागले होते, तेव्हाची गोष्ट आठवतेय का? एका बाईंनी माझ्याकडे बघून आपला हात मागे ओढला. म्हणाल्या, असल्या काळ्या हातांनी मला शिवायचं नाही, दुसरी कोणी बोलवा. दुसरी आली. बाकीच्या आपापल्या कामाला लागल्या. मी दिवसभर मान खाली घालून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि घरी आल्याआल्या तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, अगं, सुईला घाबरली असेल बिचारी, एवढं काय मनावर घ्यायचं? मी म्हटलं, हो बाबा, तसंच असेल. आणि तुमचा गुडघा कसा आहे ते विचारलं.

रागावले नव्हते हो. माझं रडणं तुम्हाला सोसत नाही, म्हणून तुम्ही घाईने त्यावर झाकण ठेवलंत. पण फार एकटं वाटलं, बाबा. त्या बाईंच्या बोलण्यापेक्षा त्या फोननंतर जास्त रडले. पुढे बसमध्ये, दुकानात, कितीदा तरी असं झालं. तुम्हाला सांगितलं नाही. दर वेळी गुडघाच विचारला.

आता परवाचं. तुमची नात शाळेतून आली. सगळ्या मुली गोल करून खेळत होत्या म्हणे. शेजारच्या मुलीने आपली बाही बोटांवर ओढून घेतली आणि बाहीतूनच हिचा हात धरला. म्हणाली, तुझा रंग लागेल. हे सांगताना पोरगी स्वतःचीच बाही ओढत होती. मी भांडी घासत होते. पाठमोरीच म्हणाले, मस्करी केली असेल गं तिने. कुठून आलं माझ्या तोंडात, देव जाणे!  पोरगी म्हणाली, हो आई, तसंच असेल. आणि विचारलं, तुझी पाठ अजून दुखतेय का गं?

 ओल्या हातांनीच तिला जवळ घेतलं, पुन्हापुन्हा विचारलं. काही नाही गं, सोड, एवढंच म्हणाली.

आज सकाळी वेणी घालताना मात्र तिने विचारलं, सुट्टीत गेलो की आजोबांना सांगू का? त्यासाठी हे पत्र, बाबा. बिघडलेलं मशीन आलं की तुम्ही लगेच पान्याला हात लावत नाही. गिऱ्हाइकाला चालवायला सांगता आणि डोळे मिटून ऐकत बसता. ती दुकानात स्टुलावर येऊन बसली की तसंच करा. कारणं सांगू नका, समजूत घालू नका. ती थांबली तर 'मग?' एवढंच म्हणा. तिचं सांगून झालं की मी येऊन त्या स्टुलावर बसेन. गुडघा कसा आहे, हे त्या दिवशी विचारणार नाही.

तुमचीच,
टकळी