बॅगशॉच्या शेतातली पायवाट

३ फेब्रुवारी
निवड झाली! जिल्ह्याच्या ग्रामीण वाटा सल्लागार फोरमवर मी, रॉडरिक पिमलॉट, सभासद. जमीनमालकांच्या जागा भरल्या होत्या, म्हणून चालणाऱ्यांचा प्रतिनिधी झालो. जिलियनला सांगितलं. बायको असून अभिनंदन नाही. उलट विचारते की तू शेवटचा चाललास कधी? गेल्याच वर्षी बूट घेतले आहेत, हे तिच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली की अजून खोक्यातच आहेत.

४ फेब्रुवारी
फोरमवर जाण्याचं कारण इथे लिहून ठेवतो. कारण एकच. बॅगशॉ.
शेजारचा शेतकरी. मी बागेत लोकांना जेवायला बोलावलं की हा माणूस नेमका त्याच दिवशी शेतात शेणकाला फवारतो. त्याच्या शेतातून सरकारी नकाशावर एक सार्वजनिक पायवाट आहे. वहिवाटीचा हक्क आहे लोकांचा. आणि हा गृहस्थ दरवर्षी तिच्यावर मका पेरतो आणि तोंडाशी काटेरी तार ठोकलीय. आता बघतोच. वर्षभरात ती वाट उघडली नाही तर नाव बदलीन.

१७ फेब्रुवारी
पहिली बैठक. अध्यक्ष मिसेस एन्टविसल, लोकरीची टोपी, आवाज शाळामास्तरणीचा. एक घोडेवाली बाई, एक घट्ट चड्डीतला सायकलवाला, दोनचार शेतकरी. बिस्किटं नरम पडलेली.
फोरमला अधिकार काडीचा नाही. आम्ही फक्त सल्ला द्यायचा. कौन्सिलनं तो ऐकून घेतलाच पाहिजे असा कायदा आहे, पाळलाच पाहिजे असा नाही. घरी माझी नेमकी हीच स्थिती आहे, त्यामुळे जड जाणार नाही.
सुरुवातीला बाईंनी विचारलं की आजच्या विषयांत कुणाचा वैयक्तिक हितसंबंध आहे का? मी खणखणीत आवाजात म्हटलं, अजिबात नाही. बाकीचे नुसते माना हलवत होते.

१८ फेब्रुवारी, सकाळी, टबमध्ये
डाव काय सुंदर आहे! नकाशावर ती वाट बॅगशॉच्या शेतातून सरळ येते आणि आमच्या कुंपणापाशी थांबते. शीव आहे ना तिथे. शेत वरच्या थ्रॅपलीत, आमचं घर खालच्या थ्रॅपलीत. म्हणजे चालणारे येणार, आमचं कुंपण बघणार, आणि आल्या वाटेनं परत जाणार. येताना मका तुडवणार, जाताना मका तुडवणार. दुप्पट! एकटाच हसत होतो. जिलियननं दाराबाहेरून विचारलं की छातीत दुखतंय का.

९ मार्च
बॅगशॉ फाटकाशी भेटला. बातमी पोचलेली दिसते. मला वाटलं तोंडचं पाणी पळेल. पण गडी खांबाला टेकून उभा. म्हणाला की वाट उघडायला माझी ना नाही, पिमलॉट, पण बाबा, ती जाते कुठे ते एकदा बघून घे, म्हणजे मग मला शिव्या घालू नकोस.
सरळ सरळ धमकी. दिवसभर अंगाचा तिळपापड.

२४ मार्च
दुसरी बैठक. हितसंबंध? अजिबात नाही.
कौन्सिलचा वाटांचा अधिकारी आला होता. प्राइस नाव, तरुण, बुटांना कायमचा चिखल. म्हणाला की माणसं कमी आहेत, जिल्ह्यात बंद पडलेल्या वाटा ढीगभर आहेत, आणि ही तर कुंपणाला जाऊन थडकणारी. हिच्यामागे कशाला लागायचं?
मी उठलो. भाषण आपसूक आलं. म्हटलं, आपले पूर्वज काय कुंपण बघायला शेत तुडवत होते? कुठलीही वाट कुठेतरी जाते! वरच्या थ्रॅपलीला देऊळ नाही. ती माणसं रविवारी जात होती ती खालच्या थ्रॅपलीच्या चर्चला! आज त्याच माणसांना ट्रकांच्या मोठ्या रस्त्यानं जीव मुठीत धरून जावं लागतं!
टाळ्या. घोडेवालीनं डोळे पुसले. मिसेस एन्टविसल म्हणाल्या की हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कुणी साक्षीदार मिळेल का? म्हटलं, मी आणतो.

४ एप्रिल
जिलियन दर रविवारी चर्चला त्याच मोठ्या रस्त्यानं चालत जाते. तिला गाडी चालवता येत नाही, आणि रविवारी सकाळी माझी झोप असते. आज ट्रकचा आरसा तिच्या टोपीला लागला. टोपी खड्ड्यात. मी ताबडतोब उपाय सुचवला, की भडक रंगाची टोपी घे.
तिनं बटाटे जरा जास्तच जोरात सोलले.

१९ एप्रिल
साक्षीदार सापडली! मिस डॉट क्रॅम्प, वरच्या थ्रॅपलीची, आता शहरात वृद्धाश्रमात असते. म्हातारी पण बुद्धी सुरीसारखी. मला पोरा म्हणते. लहानपणी दर रविवारी त्याच वाटेनं चर्चला जायची. शेत संपलं की दगडी पायऱ्या चढून पलीकडे, मग दगडी हौद, मग पेअरचं झाड, मग एका घराच्या मागच्या दारावरून. तिथली बाई पोरांना पेअर वाटायची. पुढे कुरण, की आलंच चर्च.
शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि मिसेस एन्टविसलना वाचून दाखवला. फोनवर बाईंनी माझ्या घराचा पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला. भारावल्या असाव्यात.
गंमत म्हणजे दगडी हौद आमच्याही बागेत आहे. मी त्यात जिरेनियम लावलेत. त्या काळी घाऊक बनवत असतील. पेअरचं झाडही होतं. गाडीवर पानं पडायची म्हणून मी तोडलं.

११ मे
बैठक. अजिबात नाही. (आता बाई माझ्याकडे बघूनच विचारतात. बहुधा मी आदर्श सभासद आहे म्हणून.)
बॅगशॉची वाट उघडावी असा एकमुखी सल्ला. सगळ्यात आधी माझा हात वर. कौन्सिलनं मानलाही. जूनमध्ये सगळ्या फोरमनं जागेवर जायचं.

६ जून
खिडकीतून बघितलं. बॅगशॉनं स्वतःच तार काढली. मक्यातून चांगली रुंद वाट कापली, आणि कापता कापता शीळ घालत होता. हरलेला माणूस असाच वागतो. वरून आव आणतो.

१४ जून, दुपारी
घात झाला.
फोरम शेतातून चालत येणार होता. मी गाडीनं घरी येऊन कुंपणापाशी स्वागताला उभा राहिलो. चिखल बराच होता आणि बूट नवे आहेत. सगळे आले. बॅगशॉही आला, बोलावलेलं नसताना. मी कुंपणाच्या आतून दोन शब्द बोलायला घसा साफ करतोय, तेवढ्यात प्राइसनं हातातली काठी कुंपणाच्या झुडपांत खुपसली. टक्. परत टक्. फांद्या बाजूला केल्या. आत दगडी पायऱ्या. मधोमध झिजून खोलगट झालेल्या.
सगळ्यांनी आधी पायऱ्या बघितल्या. मग माझ्या मागे जिरेनियमचा हौद. मग पेअरच्या झाडाचा बुंधा. मग कुरणापलीकडचा चर्चचा कळस.
मिसेस एन्टविसलनी शांतपणे विचारलं की हे कुंपण कुणाचं? मी विचार न करता म्हणून गेलो, माझं. कितीही झालं तरी माणसाला अभिमान असतो.
मग त्यांनी विचारलं की हितसंबंध नाही असं दर बैठकीत कोण सांगत होतं?
बॅगशॉ म्हणाला की मी याला मार्चमध्येच सांगितलं होतं, बाबा, वाट जाते कुठे ते बघ.

१४ जून, संध्याकाळी
ही लोकशाही नव्हे. ही लूट आहे. बुटांना चिखल लावून हिंडणारी ही टोळी माणसाचं घर फोडते आणि वर स्वतःला सल्लागार म्हणवते!
माझं काय चुकलं? मी बॅगशॉच्या शेतातली वाट उघडा म्हटलं. माझ्या बागेबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

२० जून
बचावाची योजना: काटेरी झुडपं. कुत्रा. ‘बैलापासून सावधान’ अशी पाटी.
जिलियन म्हणाली की बैल कुठे आहे? म्हटलं, पाटीला बैल लागत नाही. ती म्हणाली की पाटी लाव, बैल कुठे आहे ते लोकांना मी दाखवीन.

२७ जून
नाक मुठीत धरून बॅगशॉकडे गेलो. म्हटलं, झालं गेलं विसरू. आपण दोघे पीडित जमीनमालक. एकत्र लढू. तो इतका हसला की बादली पालथी घालून तिच्यावर बसला. डोळे पुसत म्हणाला की लढाई कसली, पिमलॉट, या वाटेला फाटक मी देतोय. ओकचं. फुकट. तुझ्या भाषणानं माझ्या बायकोचं मन पाघळलंय.

८ जुलै
बैठक. विषय: माझी बाग. या वेळी हितसंबंध आहे म्हणालो. तर बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं! खरं बोललं की हे बक्षीस.
बाहेर बाकावर बसून होतो. काचेच्या दारातून प्राइस नकाशे पसरताना दिसला. नंतर त्यानं मला समजावलं. जुन्या काळी प्रत्येक गावानं आपापल्या वाटा आपापल्या नकाशावर काढून दिल्या. वरच्या थ्रॅपलीनं आपल्या शिवेपर्यंत काढली. खालच्यांनी पुढची काढलीच नाही, कारण त्या वेळी आमच्या घराचा मालकच गावच्या समितीवर बसला होता.
असा धोरणी मनुष्य! आणि त्याच घरात, समितीवर बसून, मी काय केलं?
प्राइस पुढे म्हणाला की तुमची हरकत असेल तर खटला वर्षानुवर्षं चालेल, पण मालकानं राजीखुशीनं वाट दिली तर महिन्याभरात काम होतं. मी म्हटलं, मालक मरेपर्यंत लढेल.

९ जुलै
रात्री जेवताना जिलियनला निर्धार सांगितला. शेवटच्या श्वासापर्यंत. वाट जाईल ती माझ्या छातीवरून.
तिनं वाटाणे पुढे केले. म्हणाली की सह्या झाल्या. सकाळी बसनं जाऊन प्राइसला देऊन आले.
मी म्हटलं, कुणाच्या परवानगीनं? घर माझं आहे. ती म्हणाली की घर माझ्या मावशीचं होतं, ती माझ्या नावानं ठेवून गेली, तू आलास तो सूटकेस आणि बॅरोमीटर घेऊन. आणि म्हणाली की त्या ट्रकांच्या रस्त्यावर दर रविवारी मी जीव मुठीत धरून चालते, रॉडरिक. तुला एकदासुद्धा विचारावंसं वाटलं नाही. त्या फोरमला मात्र वाटलं.
कागद काढून बघितले. घर तिचंच आहे.
वाटाणे कच्चे होते.

१२ सप्टेंबर
वाट उघडली. पडदे बंद करून बसलो. बाहेर भाषणं, टाळ्या, चहा. चहा आमच्या स्वयंपाकघरातून.

१९ सप्टेंबर
यातना. एका कुत्र्यानं डेल्फिनियमच्या ताटव्यावर पाय वर केला. एक अख्खं कुटुंब हौदाच्या कडेवर बसून सँडविच खात होतं. मी खिडकी ठोठावली. त्यांनी हात हलवला.
मिसेस एन्टविसलचा फोन. या वाटेची देखभाल तुम्ही पाहाल का? म्हटलं, माझ्या प्रेतावरून. त्या म्हणाल्या की ठीक आहे, तोवर थांबू.
राजीनामा देणार. उद्याच. नाही, पुढच्या बैठकीत, म्हणजे सगळ्यांना लागेल.

१७ ऑक्टोबर, रविवार
जे घडलं ते घडलं तसं लिहितो. कुणाला सांगण्यासारखं नाही.
सकाळी हिरवळीवर कुणाचा तरी कुत्रा. ड्रेसिंग गाऊनवरच बाहेर धावलो. मागे दार धाडकन लागलं. किल्ल्या आत. गाडीची किल्लीही आत. जिलियन चर्चला. पाऊस सुरू. मोठ्या रस्त्यानं ड्रेसिंग गाऊनमध्ये जाणं शक्यच नव्हतं.
दुसरा इलाज नव्हता. वाटेनं गेलो. सपाता चिखलात रुतत होत्या. बागेच्या टोकाच्या फाटकाला लटकलो, कुरणात दोनदा घसरलो, आणि चर्चच्या दारात खांबाला धरून धापा टाकत उभा राहिलो. मनात एवढंच, की किल्ली घ्यायची आणि कुणाला न दिसता निघायचं.
आत जिलियन गात होती. एकटी. बाकी सगळे गप्प बसून ऐकत होते. ती अशी गाते हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी झोपलेला असायचो.
दाराशी बसलेल्या एका म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गाऊन, चिखल, धाप. हळूच विचारलं की तुम्ही जिलियनचे मिस्टर तर नव्हे? मी मान हलवली. बाई ताडकन उठल्या. गाणं संपायच्या आत बातमी पाद्रीणबाईंपर्यंत पोचली, आणि त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना सांगितलं की आपली जिलियन इतकी वर्षं म्हणत आली की नवऱ्याला चालवत नाही म्हणून तो येत नाही. त्याची चाकाची खुर्ची यावी म्हणून तिनं बागेचं फाटकसुद्धा रुंद करून घेतलं. दर रविवारी आपण त्याच्या पायांसाठी प्रार्थना केली. आणि आज बघा, तो स्वतःच्या पायांनी आला!
सगळं चर्च उभं राहिलं. कुणी रडत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं. जिलियन एकटी हातात गाण्याचं पुस्तक घट्ट धरून माझ्याकडे बघत होती. पांढरीफटक. आता हा काय बोलतो, एवढंच तिच्या डोळ्यांत.
बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं.
खांब सोडला, आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेपर्यंत लंगडत गेलो.