त्रेचाळीस अर्थांची वही

गोरेगाव-सालेकसा भागातल्या श्रोत्यांनो, सभांमधला माझा जोडीदार वक्ता लीलाधर पटले माईक सोडत नाही म्हणून तुमचे जेवण आजवर किती वेळा थंड झाले ते आठवा, आणि मग हे वाचा.

मी केवलराम सुखराम रहांगडाले, वय ७२, निवृत्त शिक्षक, राहणार कुडवा. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. आधीचे सर्व कागद रद्द समजून हेच माझे शेवटचे मृत्युपत्र मानावे.

१. कुडव्याचे घर आणि बँकेतली ठेव पत्नी देवकाबाईची. तिच्या हयातीत कोणी हिस्सा मागू नये.

२. पुस्तकांची तिन्ही कपाटे मुलगी प्राचीला. लीलाधरने नेलेले सात ग्रंथ तिने मागून आणावेत. तो "कोणते?" म्हणेल. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.

३. 'लाइन' या इंग्रजी शब्दाची वही. आपल्या जिल्ह्यात लाइन म्हणजे रेल्वे, वीज, रेशनची रांग, धानाच्या रोवणीची ओळ, पोरीमागे फिरणे, पक्षाचा आदेशसुद्धा. असे त्रेचाळीस अर्थ मी बारा वर्षांत जमवले. चहा पाजून लीलाधरला वाचून दाखवले, आणि महिन्याभरात त्याने ते सालेकशाच्या सभेत स्वतःचे म्हणून ठोकले. देवकाबाई पहिल्या रांगेत डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. माझ्या भाषणाला ती चाळीस वर्षांत हसलेली नाही. घरी विचारले तर म्हणते, "तुमी सांगता तं परीक्षेचा पेपर वाटते. लीलाधरभाऊ सांगते तं आपल्या घरची गोष्ट वाटते. जळता कायले?"

होय, जळतो. त्याला मी भर चौकात चोर म्हटले. तो शब्द मागे घेत नाही.

मात्र मरताना खोटे नको. त्रेचाळीसपैकी एकोणतीस अर्थ देवकाबाईच्या तोंडचे आहेत. ती शेजारणींशी बोलत असे, मी दाराआड बसून लिहून घेत असे. एकाही सभेत तिचे नाव घेतले नाही. त्या दिवशी ती स्वतःचेच बोलणे ऐकून हसली. लीलाधरने चोराच्या घरी चोरी केली. वही देवकाबाईला परत.

४. आपल्याकडे शेवटी बोलतो तो मोठा वक्ता. माझ्या शोकसभेत ती जागा लीलाधर आधीच धरून बसेल. मला उत्तर देता येणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. प्राची, त्याला सर्वांत आधी बोलव, पाच मिनिटे दे, आणि शेवटी माईक आईच्या हातात दे.

सही: केवलराम सुखराम रहांगडाले
साक्षीदार: दुधराम कटरे, सुशिलाबाई टेंभरे
(लीलाधर दारात उभा होता. त्याची सही घेतलेली नाही.)
कुडवा, ता. ९ नोव्हेंबर २०२५